आधी मुलाखत

नात पुनमचं लग्न झालं त्या वर्षी, २०२४ साली, धाकट्या नातीची, दिपमालाची, नर्सच्या नोकरीसाठी फोनवर इंग्रजीत मुलाखत होती. नरडाण्याच्या घरी दारात रिक्षा उभी होती, पण माझे यजमान अभिमन आबा खाटेवर धापा टाकत तिला शिकवतच होते.

“आपण भाकरी थापतो, पोळी लाटतो. तशा इंग्रजीतही शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात. आपण गोळी खातो, ते गोळी ‘टेक’ करतात.”

“तुम्ही सकाळपासून दोन्हींतलं एकही केलं नाही,” मी म्हणाले.

“गोळीनं झोप येते. दिपू, जास्त ताप म्हणजे?”

“‘हाय फीवर’. आबा, दवाखान्यात चला ना!”

“आधी मुलाखत.”

फोन वाजला. दिपमाला न अडखळता बोलली. तिकडून होकार आला, तेव्हाच आबा उठले. धुळ्याच्या वाटेवर, ९ जुलै २०२४ रोजी, अभिमन आबा रिक्षातच वारले.