बन्सीधरची खुर्ची

सरकारचं नाव काढलं की आमचे हे, माणिकराव, असे भडकतात की जणू सरकारनं यांची म्हैसच सोडून नेली. "सरकारनं चोर धरावेत अन् रस्ते करावेत. माणसाच्या धंद्यात नाक खुपसू नये," हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. माझा सरकारी पगार मात्र यांना कधी टोचला नाही.

पण माणूस दुटप्पी नाही. एक काळ असा होता की कापूस शेतकऱ्याचा, पण विकायचा सरकारलाच. तेव्हा यांनी आणि भीमनगरातल्या रंगनाथनं भर दिवसा कापसाची गाडी आंध्राच्या हद्दीकडं हाणली आणि दोघं एकाच कोठडीत जाऊन बसले. तेव्हापासूनची दोस्ती.

गेल्या हिवाळ्यात रंगनाथच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. आमच्या गावात भीमनगरची माणसं दाढी-कटिंगला परभणीला जातात. 'त्यांना शहरातली कटिंग आवडते,' असं गाव म्हणतं. आता रंगनाथला ऑटोत बसवेना. त्याचा मुलगा सिद्धोधन विद्यापीठात क्लार्क आहे, तो घरीच त्याची दाढी करायचा. पण म्हाताऱ्यानं हट्ट धरला, मरायच्या आधी एकदा आपल्या गावच्या खुर्चीत, आरशासमोर, चारचौघांत बसायचंय.

गावात सलून एकच, बन्सीधरचं, आणि तेही फाट्यावरच्या आमच्या गाळ्यात. सिद्धोधननं बापाला चाकाच्या खुर्चीतून तिथं नेलं. बन्सीधरनं सलूनच्या खुर्चीवर टॉवेल टाकला आणि म्हणाला, "खुर्ची मोडलीय." सिद्धोधन तिथून तडक आमच्या ओसरीवर आला.

"काका, मी तक्रार द्यायलोय."

"देऊ नको," हे म्हणाले. "कायद्यानं माणूस वस्तरा हातात घेईल, पण मन कुठून आणशील? पोलिसाच्या भेवानं उभ्या माणसापुढं बापाची मान देतो का?"

"अन् आता तो गावाच्या भेवानं उभा हाय, त्याचं काय?"

सिद्धोधन पुढं म्हणाला, "गाळा तुमचा हाय. काढा त्याला भाईर." त्यालाही हे तयार होईनात. पोटावर पाय देऊन शहाणं करता येत नाही म्हणे.

तरी तसेच उठून सलूनवर गेले. बन्सीधर रडकुंडीला आला. "मालक, मला काय विटाळ न्हाई. पारावर बैठक झालती. जो भीमनगरची दाढी करील, त्याच्याकडं गाव जाणार न्हाई. दुकान नावाला माझं हाय."

घरी आले ते लाल होऊन. "गावापेक्षा सरकारचं लायसन बरं म्हणायची पाळी आली! ते निदान कागदावर तरी असतंय!" मग यांनी आपल्या परीनं मार्ग काढला. रंगनाथ खुर्चीत बसेपर्यंत आपणही बसायचं नाही. गिऱ्हाईकाला नकाराचा हक्क आहेच, आणि चार शहाणी माणसं बघून शिकतील. दाढी वाढली. मी म्हटलं, "आता भगवं घाला, चार आणे तरी पडतील समोर." चार शहाण्यांतलं एकही फिरकलं नाही. लोक कौतुकानं दाढी बघायचे आणि बन्सीधरकडं जाऊन गुळगुळीत होऊन यायचे. मला गावाचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

एका सकाळी बन्सीधर आमच्या मागच्या दारानं आला. बसायला सांगितलं तरी उभाच.

"मालक, सिद्धोधनला म्हणा, माझ्यावर तक्रार द्या."

"डोकं फिरलं का तुझं?"

"न्हाई. पोलीस आला की मला गावाला सांगता येतंय, बाबांनो, आता इलाज न्हाई, करावंच लागंल. माझ्या मनानं केली तर मी मेलो. कायद्यानं केली तर कुणी बोलणार न्हाई."

तो गेला. यांच्या कपातला चहा तसाच राहिला. ज्या माणसाच्या मोकळेपणासाठी हे इतके दिवस भांडत होते, तोच येऊन कायदा मागत होता. मला यांची दया आली. आयुष्यभर एक गोष्ट मनापासून मानलेला माणूस होता तो.

मग म्हणाले, "चल, भीमनगरात जायचंय."

सिद्धोधननं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "काका, माझ्या बापासाठी मागितला तवा कायदा वाईट होता. बन्सीधरनं मागितला की चांगला झाला?"

यांनी मान खाली घातली. "खरंय तुझं," एवढंच म्हणाले. यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

बाजेवरून रंगनाथचा अडखळता आवाज आला, "सिद्धा, सदरा घाल. जा यांच्यासंगं."

पोलीस ठाण्यात तक्रारीवर साक्षीदार म्हणून यांनी सही केली. दोन दिवसांनी हवालदार फाट्यावर येऊन मोठमोठ्यानं बोलून गेला. त्याच्याहून मोठ्यानं बन्सीधर ओरडला, "आता माझा काय इलाज हाय का, तुमीच सांगा!" गाव कुरकुरलं. दोन-चार जण रागानं परभणीला जाऊ लागले, आणि ऑटोचं भाडं जड झालं तसे परत आले.

रंगनाथला यांनी आणि सिद्धोधननं दोन्हीकडून धरून खुर्चीत बसवलं. बाकावरची माणसं पेपरात डोकं घालून बसली होती. मीही दाराशी उभी होते, बायकांनी तिथं उभं राहू नये म्हणतात तरी. बन्सीधरनं फेस लावला. त्याचा हात हलका चालला होता. दाढी झाल्यावर रंगनाथ आरशात बराच वेळ बघत राहिला. मग डाव्या हातानं खिसा चाचपायला लागला.

बन्सीधरनं हात जोडले. "राहू द्या दादा. तुमच्याकडून कसे घ्यावेत? लय चुकलं माझं."

रंगनाथनं नोट काढली आणि आरशाखालच्या फळीवर ठेवली.

"घे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक हाय मी."