बारावी विहीर

वजनकाट्याच्या पिवळ्या पाटीला तिने हात लावला आणि ती मागे फिरली. फिरताना पावलांचा ताल चुकला नाही. कानातली मावशीही बोलायची थांबली नाही.

"निरीक्षणासाठी बारा विहिरी निवडण्यात आल्या," मावशी वाचत होती, "आणि प्रत्येक विहिरीची पातळी दर पंधरवड्याला मोजण्यात आली. दर पंधरवड्याला! हौस बाई एकेकाची. आता तक्ता आहे. तो मी वाचते, तू श्वासाकडे लक्ष दे."

घरापासून वजनकाटा चार किलोमीटरांवर होता. तिथून रस्ता सरळ धरला की पाण्याची टाकी लागायची आणि पाच पुरे व्हायचे. पाच जायचे, पाच यायचे, असं धावण्याच्या संघाच्या सरांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं होतं. टाकी वजनकाट्यावरून स्पष्ट दिसायची. गेले एकोणीस दिवस ती टाकीचं नुसतं दर्शन घेऊन परत येत होती.

पहिल्या दिवशी कारण होतं. विद्यापीठातल्या विभागाचे वर्ग सुरू झाले होते, ओळखपत्राचा फोटो काढायचा होता आणि आठची बस चुकून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत वाळूचे नमुने चाळायचे होते. तिसऱ्या दिवशी कारण शोधायचं राहूनच गेलं आणि पाय आपले आपण पाटीपाशी वळले. वहीत मात्र ती रोज दहा लिहायची. आठला लागलेल्या वेळेत आणखी दोन किलोमीटरांची वेळ मिळवली की झालं. तिची चाल इतकी एकसारखी होती की त्याला बोटंसुद्धा मोजावी लागत नसत. सर तिला घड्याळ म्हणायचे ते उगाच नाही.

वाचनाची युक्ती मावशीची. मावशी दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारायची. बावीस वर्षं पुकारून तिचा आवाज असा तयार झाला होता की दाढ धरून बसलेला माणूससुद्धा पहिल्या हाकेला ताडकन उठायचा. एम.एस्सी.ला प्रवेश आणि धावण्याच्या संघात जागा, असं दोन्ही एकदम पदरात पडल्यावर भाची तिच्याकडे राहायला आली, आणि आठवडाभरात शोधनिबंधावर गाल टेकून झोपलेली सापडली. गालावर आलेखाची शाई उमटली होती. पाणी चढत चढत डोळ्यापर्यंत आलं होतं.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात," मावशी म्हणाली होती. "पण माणसाच्या एका कानात काय काय मावतं ते मला विचार. तू धाव. मी वाचते."

तेव्हापासून स्वयंपाकघर आवरलं की मावशी ओट्याला टेकून फोनमध्ये वाचून रेकॉर्ड करायची. भूजलातलं तिला ओ की ठो कळत नसे आणि ते लपवण्याची तिला गरजही वाटत नसे. दहा किलोमीटरांना सत्तेचाळीस मिनिटं लागतात, एवढं तिने एकदा विचारून घेतलं होतं. तिचं वाचन बरोबर तेवढंच भरायचं.

पेट्रोल पंप मागे पडला तेव्हा कानातली मावशी एकदम थांबली.

"थांब हं. मघाशी बारा विहिरी म्हणाले ना हे लोक? तक्त्यात मी तीनदा मोजल्या, अकराच भरतात. आमच्याकडे बाहेर बारा माणसं बसली आणि आत अकराच गेली, तर मी जिन्यात जाऊन बघते, एखादा पळाला की काय. असो. पुढे वाचते."

तिला हसू आलं, श्वास अडखळला, चार पावलांत तिने तो पुन्हा जागेवर आणला. फाटकापाशी तिने बटण दाबून मावशीला बंद केलं. खरी मावशी तिच्यापुढे जिना चढत होती. हातात दुधाची पिशवी होती आणि पिशवीचं पाणी पायरीपायरीवर ठिबकत होतं.

"ऐकलंस?" मावशीने वळून विचारलं.

"ऐकलं."

"बरं," मावशी म्हणाली आणि तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

रविवारी मैदानावर सरांनी पंचवीस फेऱ्या लावल्या. पंचवीस फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर. सर एके काळी स्वतः धावायचे. आता गुडघ्याला पट्टा बांधून कठड्यावर बसायचे आणि दर फेरीला वेळ पुकारायचे.

"एक बावन्न."

"एक बावन्न."

"एक बावन्न. अगं, भिंतीवरचं घड्याळ तरी लाजेल."

विसाव्या फेरीपर्यंत असंच चाललं. एकविसावीच्या वळणावर तिचे खांदे वर आले, मग हनुवटी वर आली. एक एकोणसाठ. दोन सात. चोविसावीला सरांनी आकडा मनातच ठेवला.

ती गवतावर आडवी झाली. सर लंगडत आले आणि आपली सावली तिच्या तोंडावर पडेल असे उभे राहिले.

"विसापर्यंत घड्याळ होतीस. मग चावी संपली."

"झोप नाही झाली, सर."

"झोप न झालेलं माणूस पहिल्या फेरीपासून पेंगतं. तू बरोबर आठ किलोमीटरला गेलीस. ना पाव आधी, ना पाव नंतर." सरांनी हातातल्या कागदावर विसाच्या खाली एक रेघ मारली. "रोजचे शेवटचे दोन कुठे जातात?"

तिने उठून बसत बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

"आत्ता उत्तर नकोय. पुढच्या रविवारी वही घेऊन ये आणि पंचवीस पुऱ्या कर. नाहीतर संघातून नाव काढतो. आठवाल्या पोरी माझ्याकडे पैशाला पासरी आहेत, आणि त्या निदान आठच सांगतात."

सेमिनार मंगळवारी होता. पहिल्या सेमिनारवरून विभागातल्या मॅडम ठरवायच्या की कोणाला आपल्या संशोधनाच्या गटात ठेवायचं. खोलीत आठ खुर्च्या होत्या, एक पांढरा फळा होता आणि पुरता कधीच बंद न होणारा पडदा. त्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी तिच्या आलेखाच्या बरोबर मधून गेली होती. मॅडम मागे बसल्या होत्या. समोर निबंध, हातात पेन्सिल.

ती छान बोलली. आपण बोलताना एका पायावरून दुसऱ्या पायावर जातोय हे तिला कळत होतं, पण थांबलं की शब्दही थांबतील असं वाटत होतं. धावताना जे जिथे ऐकलं होतं ते तिथेच आठवत होतं. पाणी मुरण्याचा वेग वजनकाट्याजवळ आठवला. खडकाचे थर वाटेतल्या शाळेच्या भिंतीपाशी. पेट्रोल पंप आला तसा तिचा आवाज जरा चढला.

"इथे मला एक शंका आहे. निबंधात बारा विहिरी म्हटल्या आहेत, तक्त्यात अकराच आहेत. एक विहीर गेली कुठे? लेखकांनी त्याबद्दल कुठेही काही म्हटलेलं नाही."

वरच्या वर्गातला सिनियर एवढा वेळ नखं कुरतडत बसला होता, तो सरळ झाला. कोणीतरी हळूच "अरे वा" म्हणालं. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"कुठेही नाही?"

"नाही, मॅडम."

"नीट बघितलंस?"

"हो."

मॅडमनी निबंध मागच्या बाजूने उघडला. एक पान, दोन पानं. मग त्या उठून पुढे आल्या आणि उघडा निबंध तिच्यासमोर ठेवला. पेन्सिलीचं टोक नवव्या पानाच्या तळाशी टेकलं होतं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: बारावी विहीर उन्हाळ्यात कोरडी पडल्याने मोजणीतून वगळली आहे.

"निबंध दहा पानांचा आहे," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तुझी शेवटची दोन कुठे गेली?"

रविवारी सरांनीही हेच विचारलं होतं. सर आणि मॅडम एकमेकांना ओळखत नव्हते. मैदान कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा मॅडमना ठाऊक नसावं.

"गुरुवारी पुन्हा बोल," मॅडम जागेवर जाता जाता म्हणाल्या. "तेव्हाही आठच पानं असतील, तर माझ्या गटात जागा नाही. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तुला दुसरीकडे बघता येईल."

दुपारी प्रयोगशाळेत ती चाळण्या धूत होती तेव्हा सिनियर शेजारच्या नळाशी आला.

"एक काहीतरी सोडून दे. सगळेच सोडतात. मी पोहणं सोडलं." त्याने खांद्यावरचा निळा टॉवेल काढून दाखवला. "आता याने चाळण्या पुसतो. टॉवेलची काही तक्रार नाही."

"आणि तुझी?"

"मला विचारतंय कोण?" तो म्हणाला आणि तिच्या हातातली चाळणी घेऊन पुसायला लागला.

संध्याकाळी मावशीने दारातच गाठलं.

"काय म्हणाल्या तुझ्या मॅडम? माझं वाचन पास की नापास?"

"छान झालं म्हणाल्या."

"आणि ती विहीर?"

"कुठली?"

मावशी भांडं पुसत होती. पुसलेलंच भांडं तिने आणखी एकदा आतून पुसलं.

"काही नाही. आपलं असंच. हातपाय धू, वाढते."

त्या दिवशी तिने शेवटची दोन पानं स्वतः वाचली, दोनदा वाचली. बुधवारी सकाळी धावायला निघाली तेव्हा ऐकण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं. तरी तिने कानात मावशी लावली. सवयीने म्हणा, किंवा रिकाम्या कानाने पाय जड होतात म्हणून म्हणा.

वजनकाट्याशी एक ट्रक उभा होता आणि त्याचा चालक पाटीला टेकून दात घासत होता. हात लावायला जागाच नव्हती. ती त्याच्या बाजूने पुढे गेली. पुढचा रस्ता ओळखीचा राहिला नव्हता. मधल्या दिवसांत कोणीतरी कुंपणाला हिरवा रंग दिला होता आणि टाकीच्या शिडीवर वेल चढला होता. तिने टाकीच्या थंड भिंतीला तळवा लावला आणि ती वळली.

पेट्रोल पंप आता जिथे आला तिथे मावशीची शंका कधीच मागे पडली होती. पाय भरून आले. रोजचं फाटक जिथे यायचं तिथे अजून दोन किलोमीटर रस्ता होता, आणि मावशी वाचतच होती. या भागातला तिचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. तो जरा दमलेला होता, मधूनच पाण्याचा घोट घेत होता.

"अगंबाई, सापडली!" मावशी एकदम म्हणाली. "बारीक अक्षरात आहे, चष्मा पुसून घेतला. बारावी विहीर कोरडी पडली म्हणून मोजणीतून वगळली. गेलं बिचारीचं नाव. पण सांगून वगळलं, हे बरं केलं. न सांगता वगळलं असतं तर मी आयुष्यभर जिन्यात शोधत बसले असते."

मग दहावं पान आलं. संदर्भांची यादीही मावशीने सोडली नाही. एकेक नाव तिने दवाखान्यातल्यासारखं पुकारलं, जणू कोणी उठून आत जाणार होतं. यादी संपली तेव्हा घराचा कोपरा दिसायला लागला होता.

"संपलं," मावशी म्हणाली. मग फ्रिज उघडल्याचा आवाज आला. "येताना दूध आण एक पिशवी. तू काही इथपर्यंत येत नाहीस, ते मला माहीत आहे. पण आलीस तर आण."

ती कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबली. फोनच्या कव्हरमागे अडीअडचणीला म्हणून ठेवलेली नोट होती, ती तिने काढली. पुढे तीन माणसं उभी होती. तेवढ्यात तिने मावशीची जुनी वाचनं एकेक करून उघडली आणि बोटाने शेवटाला नेली. वाळूच्या कणांवरचं, खारट पाण्यावरचं, नळ्यांच्या व्यासांवरचं, अगदी पहिलं, ज्यात मावशी मातीची 'धूप' देवापुढच्या उदबत्तीसारखी वाचून मग स्वतःच हसली होती.

सगळ्यांच्या शेवटी दूध होतं.

मावशी रिकामी पिशवी घडी करून जिना उतरत होती. भाचीच्या हातातलं दूध बघून ती दोन पायऱ्या वरच थांबली.

"आज उशीर झाला," ती म्हणाली.

"हो."

"किती?"

"दहा मिनिटं."

मावशीने मान हलवली, वळली आणि वर गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. ती आत आली तेव्हा ओट्यावर दोन कप होते. तिने कपाटातून धावण्याची वही काढली, मावशीच्या पर्समधला दवाखान्याचा लाल पेन घेतला आणि टेबलाशी बसली. घामाचे थेंब कागदावर पडू नयेत म्हणून तिने आधी बाहीने कपाळ पुसलं. मग ती पहिल्यांदा पाटीपासून वळली त्या दिवसाचं पान उघडलं, दहावर आडवी रेघ मारली आणि शेजारी आठ लिहिलं. पान उलटलं, पुन्हा रेघ, पुन्हा आठ.

मावशी चहा गाळता गाळता तिच्या खांद्यावरून बघत होती.

"दहाचे आठ करतेस होय? लोक उलटं करतात."

"ते आधीच करून झालंय, मावशी," ती म्हणाली आणि तिने पुढचं पान उलटलं.