डबीचा हिरवा दिवा

अशी कल्पना करून बघा, की तुमच्या छातीवर शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र चिकटवलंय. तसंच दुसरं मनगटावर. आणि कमरेच्या पट्ट्यात काडेपेटीएवढी एक डबी. छातीवरचं यंत्र काळजाचे ठोके मोजतं, मनगटावरचं अंगातला ताप बघतं, आणि दोघं हळूच डबीच्या कानात सांगतात. डबी ते दूर इस्पितळात कळवते. ना तारा, ना आवाज. वजन इतकं कमी, की थोड्या वेळाने तुम्ही विसरूनही जाल.

बिट्टी मात्र विसरत नव्हती. काळजाचं ऑपरेशन झाल्यापासून ती घरीच होती. आई सकाळीच शिवणकामाच्या कारखान्यात जायची. दुपारी शेजारच्या काकू दारातून डोकावायच्या, बरी आहेस ना विचारायच्या आणि भाजी करपेल म्हणत उत्तराआधीच पळायच्या. बाकी दिवसभर पलंग, खिडकी आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची भिंत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डबीची बॅटरी शाळा सुटेपर्यंत टिकली तर शाळेत जायला हरकत नाही. पण डबी दुपारीच मान टाकायची. आई म्हणायची, तुझ्यापेक्षा हिचीच भूक मोठी. शेवटी आईच्या सुट्टीच्या दिवशी इस्पितळातून यंत्रं बघणारी ताई आली. तिने डबी उघडली, बॅटरी बदलून पाहिली, काही सापडेना. ही परत पाठवावी लागेल, म्हणाली. दुसरी यायला काही महिने जातील, तोवर शाळा नाही.

बिट्टीने हळूच विचारलं, बॅटरी संपते तरी कशाने?

ताई पलंगाच्या कडेला टेकली. ही यंत्रं बहुतेक वेळ झोपलेलीच असतात, तिने सांगितलं. मधूनच जागी होतात, ठोके मोजतात, पुन्हा डोळे मिटतात. मोजायला फारसं काही लागत नाही. बॅटरी खरी खर्च होते ती बोलण्यात, त्यातही लांबवर बोलण्यात. म्हणून डबी सगळं साठवून ठेवते आणि एकदमच कळवते. काही बिनसलं तरच मध्ये बोलते.

"म्हणजे ती गप्प असते, तेव्हा मला विसरलेली नसते?"

"छे गं. गप्प आहे म्हणजे तुझं सगळं ठीक चाललंय."

डबीवर एक बटण होतं. ते दाबलं की तिन्ही यंत्रं जागी होत, निरोप इस्पितळात जाई, तिकडून पोचल्याचं उत्तर येई आणि हिरवा दिवा लागे. ते रोज सकाळी एकदाच दाबायचं होतं.

"मी दिवसभर दाबते," बिट्टी म्हणाली. "दिवा लागला की वाटतं, तिकडे कुणीतरी आहे."

आई चादरीची सुरकुती काढत राहिली.

"तिकडे कोण असतं, ताई?"

ताईला काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण ती म्हणाली, "तिकडेही यंत्रच असतं, राणी. ते आपोआप उत्तर देतं. ठोके चुकले तर मात्र माणसं धावतात."

बिट्टीने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

ताईने डबी परत पाठवली नाही, बिट्टीकडेच ठेवली. त्यानंतर बटण दाबायला बोटं शिवशिवली की बिट्टी हात मांडीखाली दाबून बसायची. डबी संध्याकाळपर्यंत टिकू लागली आणि बिट्टी शाळेत गेली. जुन्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या होत्या. या वर्गात तिला कुणी ओळखत नव्हतं. मधल्या सुट्टीत सगळी मैदानाकडे पळाली आणि ती पायरीवर एकटीच उरली.

हात आपसूक कमरेकडे गेला. बोट बटणावर टेकलं. एकदा दाबल्याने काही बॅटरी संपली नसती. पण उत्तर कोण देणार, ते आता तिला ठाऊक होतं.

नळापाशी तिच्याच वर्गातली एक मुलगी बाटली भरत होती. बिट्टी उठली, तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "माझ्या कमरेला एक डबी आहे. बघायचीय?"