वन्संचं उखळ

"जोडता येत नाही का हो, गुरुजी?" ऊ तान ल्विननी तिसऱ्यांदा विचारलं.

"बांबू आहे तो," आमचे हे म्हणाले. "हाड नव्हे, सांधायला."

पाहुण्यांनी पट्टीचे दोन तुकडे मांडीवरून उचलून जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले, तेही इतक्या हळू, जणू तुकड्यांना अजून दुखतंय. सकाळच्या होडीने ते मंडालेहून आले होते. पत्तला, म्हणजे हे वाद्य, त्यांच्या गुरूंचा. होडीच्या आकाराची सागवानी पेटी, तिच्यावर दोन दोऱ्यांत ओवलेल्या बांबूच्या चोवीस पट्ट्या. आमच्या सासऱ्यांनी याच ओसरीवर घडवलेला. गुरूंना जाऊन उद्या वर्ष होणार. त्यांच्या नावाने भिक्खूंना जेवण, आणि मग सगळ्या शिष्यांसमोर ऊ तान ल्विननी त्याच पत्तल्यावर वाजवायचं. आणि नेमकी परवा पेटी उतरवताना बारीक सुरांकडची चौथी पट्टी तडकली.

सासऱ्यांच्या वेळचा बांबू चुलीवरच्या माळ्यात एकच तुकडा उरला होता, धुराने काळाभोर झालेला. नवा बांबू त्या तेवीस म्हाताऱ्यांत बसवला असता तर लग्नात परक्याने पंगत धरावी तसा दिसला असता, आणि वाजलाही असता तसाच. म्हणजे पट्टी एकच. पोटाकडून मधोमध खरवडत गेलं की सूर उतरतो. योग्य जागी थांबता आलं तर ठीक. पुढे गेलं तर टोकं तासून थोडा वर आणता येतो, पण आवाजातला जीव जातो.

आणि इथेच आमची अडचण होती. आमच्या ह्यांना बारीक सूर ऐकू येत नाहीत. सहा वर्षं झाली.

माणसांचं बोलणं कळतं, जाड पट्ट्या कळतात. वरच्या सात-आठ पट्ट्यांवर ठोकलं की ह्यांना फक्त गादी लावलेल्या काठीचा धप्प ऐकू येतो. हे गावात कुणाला माहीत नाही. घरातही कुणी कधी बोललेलं नाही. त्या साली एकदा हे अशीच बारीक पट्टी खरवडत बसले होते, खरवडतच होते, आणि आत माझी नणंद निन यी सुक्या मिरच्या कुटत होती. एकाएकी कुटणं थांबलं. ह्यांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारातून वन्सं दिसत होत्या, मुसळ हवेत धरून. ह्यांनी चाकू खाली ठेवला. सूर अगदी नेमका लागला होता.

तेव्हापासून तसंच. बारीक पट्ट्या आल्या की वन्संना काहीतरी कुटायचं आठवतं. आमचं घर खांबांवरचं, फळ्यांच्या जमिनीचं. उखळाचा ठोका ह्यांना बसल्या जागी खालून कळतो. एक ओढ खरवडायची, पट्टी ठोकायची; उखळाचे ठोके चालू तोवर पुन्हा खरवडायचं, ते थांबले की थांबायचं. सासऱ्यांनी वेताची छडी घेऊन शिकवलं ते मुलाला. शिकली मात्र आत तांदूळ निवडत बसलेली मुलगी. बाईमाणसाने पत्तल्याला चाकू लावायचा नाही, असा सासऱ्यांचा नेम होता. वन्संनी तो आजवर मोडलेला नाही. एकसष्टाव्या वर्षीही नाही. लग्न केलं नाही, कुठे गेल्या नाहीत, आणि सहा वर्षांत तर दोन दिवस बहिणीकडेही राहिल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, जा की चार दिवस. तर म्हणाल्या, "माझ्या हातची चटणी दादाला लागते."

ह्यांनी पट्टी बसवली, ठोकली, काढली, उलटी करून खरवडू लागले. आतून ठोके सुरू झाले. मी चहा ओतला. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

पण ऊ तान ल्विन फार सभ्य माणूस. म्हाताऱ्या गुरुजींनी कान देऊन बसावं आणि आत कुणी धबाधबा कुटावं, हे त्यांना बघवेना. ते उठून दाराशी गेले आणि ह्यांच्यापर्यंत पोचणार नाही अशा मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, घटकाभर थांबता का? गुरुजींना ऐकू द्या जरा."

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? वन्संचं मुसळ थांबलं.

आणि ओसरीवर ह्यांचा चाकू थांबला.

ह्यांनी भुसा फुंकला, पट्टी ओवली, गाठ मारली, आणि दोन्ही काठ्या पाहुण्यांपुढे धरल्या. चेहऱ्यावर ते काम झाल्याचं समाधान. मला उठून कुठेतरी जावंसं वाटलं.

ऊ तान ल्विननी वाजवलं. तेवीस पट्ट्या एका घरच्या, आणि चौथी त्यांच्या डोक्यावर चढून बसलेली. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग काठ्या मांडीवर ठेवल्या. हे माझ्याकडे बघू लागले. मी किटलीकडे बघितलं.

हे हळूच म्हणाले, "नाही का जमलं?"

साठ वर्षं या ओसरीवर काढलेल्या माणसाने हा प्रश्न पाहुण्याला विचारला नव्हता. मला विचारला होता.

तेवढ्यात वन्सं दारात आल्या. हात लुगड्याला पुसत पाहुण्यांना म्हणाल्या, "तुमचं ऐकून थांबले खरी, पण माझी चटणी अर्धवट राहिली. कुटू का? नाहीतर जेवायला काय घालू तुम्हाला, बांबू?"

ऊ तान ल्विननी त्यांच्याकडे बघितलं. पट्टीकडे बघितलं. मग जमिनीच्या फळ्यांकडे.

"कुटा, मावशी," ते म्हणाले. "सावकाश कुटा."

ह्यांनी गाठ सोडली. ठोके सुरू झाले. एक ओढ, एक ठोक. एक ओढ, एक ठोक. मी मोजत होते. सातव्या ओढीला उखळ थांबलं. ह्यांनी पट्टी ओवली. या वेळी ऊ तान ल्विननी पहिलाच सूर वाजवून डोळे मिटले.

निघण्यापूर्वी ते पाणी प्यायला आत गेले. मडकं उखळाशेजारीच असतं. मी मागोमाग होते, म्हणून मला दिसलं: ते वाकले, पाणी घेतलं, आणि उखळात बघितलं. उखळ कोरडं होतं. मिरचीचं बीसुद्धा नव्हतं.

"चटणी झाली वाटतं," ते म्हणाले.

"जमली एकदाची," वन्सं म्हणाल्या.

ओसरीवर येऊन ऊ तान ल्विननी गुडघे टेकले, ह्यांच्यापुढे तीनदा डोकं जमिनीला लावलं. मग लुंगी सावरायचं निमित्त करून थोडे वळले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा. वन्सं पाठमोऱ्या उभ्या होत्या. स्वच्छ उखळ धूत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे काय कुठे असतं ते ठाऊक नाही. तीन डबे उघडले, चौथ्यात सुका जवळा सापडला. मूठभर उखळात टाकला.

"रिकामं कुटू नये, निन," म्हणाले. "बूड जातं."

आणि ओसरीवर जाऊन बसले, नवी बारीक पट्टी घेऊन.

वन्संनी मुसळ हातात घेतलं. बराच वेळ नुसतं धरून उभ्या होत्या.