तक्रारखोर क्लिफर्डची गुलाबी खुर्ची

मित्रांनो, आज मी गुलाबी दिसते, पण जन्मले तेव्हा लालभडक होते. मी एक जुनी खुर्ची आहे, घडीची, प्लास्टिकची, स्केलबरो टाउन नावाच्या फुटबॉल संघाच्या मैदानावरची. सूर्याचे अतिनील किरण रंगाचे रेणू हळूहळू तोडत जातात. इंग्लंडच्या उत्तरेला ऊन असं कितीसं पडतं? तरीही माझा रंग उडाला. यावरून माझं वय तुम्हीच ओळखा.

प्लास्टिकचे दाणे वितळवून तो रस साच्यात दाबला आणि गार होताच मी बाहेर पडले. पूर्वी या मैदानावर लोक सिमेंटच्या पायऱ्यांवर उभे राहून सामने बघत. मग खुर्च्या बसवायचा नियम आला आणि मला बोल्टांनी पायरीला आवळलं. माझ्या बिजागरीत एक स्प्रिंग आहे. माणूस उठला की मी आपोआप मिटते. माझं कसब म्हणाल तर एवढंच.

पहिल्याच शनिवारी मला पहिला धक्का बसला. रुंद खांद्यांचा एक माणूस आला, वाकून मला निरखलं आणि म्हणाला, "हिला खुर्ची म्हणायचं? साबणाची डबी आहे ही!"

तो क्लिफर्ड. गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. हंगामाचं तिकीट काढताना त्याने मलाच निवडलं होतं आणि पुढची तीसेक वर्षं तो मलाच निवडत राहिला.

लोक मैदानावर आनंदासाठी येतात, अशी माझी समजूत होती. क्लिफर्ड तक्रार करायला यायचा. "अरे पंचा, डोळे घरी बशीत ठेवून आलास का?" इथून सुरुवात व्हायची. गोलरक्षकाने जवळच्या खेळाडूकडे चेंडू दिला, की हा उसळायचा, "लांब मार की राव! आपल्याच गोलासमोर भातुकली काय मांडलीय!" टीव्हीवाल्यांसाठी शनिवारचा सामना रविवारी दुपारी बाराला नेला, तेव्हा म्हणाला, "उद्या म्हणतील पहाटे या, तोंड न धुता या." मध्यंतरात मांसाचं गरम पॅटिस खाताना त्याची ठरलेली तक्रार असे, "बाहेरून जीभ भाजते आणि आत बर्फ. असं करायलासुद्धा डोकं लागतं!" एकदा आमचा संघ चार गोलांनी जिंकला. सगळं मैदान नाचत होतं. हा विचारतोय, "पाचवा कुठाय?"

हरल्यावर तर तो शपथच घ्यायचा. "संपलं! पुन्हा इथे पाऊल टाकलं तर नाव बदलेन." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हादरले. आता माझ्यावर कोण बसणार? पण पुढच्या सामन्याला अख्ख्या रांगेत सगळ्यांत आधी तोच हजर.

"काय रे, नाव बदलणार होतास ना?" डावीकडची नॉर्मा त्याला छेडायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. "आता काय हाक मारू तुला?"

"गप गं. पैसे भरलेत म्हणून आलोय."

"पैसे तर आम्हीही भरलेत," उजवीकडचा डेझमंड म्हणायचा. तो घरं रंगवायचा. "पण इतकं वसूल कोणी करत नाही!"

अशी वर्षं गेली. क्लिफर्डचे खांदे उतरले, केस गेले, आवाज मात्र तसाच खणखणीत राहिला.

मग मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी तो आलाच नाही. मी मिटलेलीच राहिले. पुढच्या सामन्यालाही तेच. "सर्दी झाली असेल," डेझमंड म्हणाला. "त्याचंही खापर पंचावर फोडत असेल." दोघं हसले. त्याच्या पुढच्या सामन्याला मात्र कोणी हसलं नाही.

"डेझमंड, फोन कर ना त्याला."

"माझ्याकडे कुठे नंबर आहे? तुझ्याकडे असेल."

"माझ्याकडे कसा असेल? मला तर... डेझमंड, त्याचं आडनाव काय रे?"

"क्लिफर्ड... नुसता क्लिफर्डच की," डेझमंड म्हणाला. समोर आमच्या संघाला कॉर्नर मिळाला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, इतका मोठा धक्का मला कधीच बसला नव्हता. ही माणसं निम्मं आयुष्य खांद्याला खांदा लावून बसली होती. गोल झाला की एकमेकांना मिठ्या मारत होती. कोणत्या बचावपटूबद्दल क्लिफर्डचं काय मत आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण इथली रीत अशी, की इथे फक्त सामन्याबद्दल बोलायचं. घरी कोण आहे, कुठे राहतो, हे कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. शिट्टी वाजली, की "चल, भेटू" म्हणायचं आणि आपापल्या दाराने बाहेर पडायचं.

नॉर्मा क्लबच्या कचेरीत जाऊन आली. "पत्ता देता येत नाही म्हणे, नियम आहे. मी म्हटलं, पत्ता राहू द्या हो, माणूस जिवंत आहे का तेवढं सांगा. तेही सांगता येत नाही!" ती आपल्या खुर्चीवर धपकन बसली. "पंचाहत्तरी उलटलीय त्याची. दाराआड पडला असेल तर?"

मध्यंतरात दोघं माझ्या दोन बाजूंना बसून विचार करू लागले. शेवटी नॉर्मा म्हणाली, "सामना रटाळ झाला की तो घरच्याही कुरकुरी काढायचा ना? त्याला घरी काय काय खुपायचं, ते आठव."

"बस!" डेझमंड म्हणाला. "शेवटच्या थांब्यावर बस वळते, तेव्हा कपाटातल्या बशा वाजतात म्हणायचा."

"बरोबर! आणि चर्चचं घड्याळ. भांडी घासताना खिडकीतून दिसतं आणि कायम मागे असतं."

"आणि कचऱ्याचा डबा वाऱ्याने उतारावरून गडगडत जातो."

"मागे पडणारं घड्याळ टेकडीवरच्या चर्चचं. तिथून उतार, खाली शेवटचा थांबा..." नॉर्माने हवेत बोटाने रेघा ओढल्या. "क्वारी लेन! खालचं टोक!"

"अगं, माझं घर तिथून हाकेवर आहे," डेझमंड चकित झाला. "मला कधीच कसा दिसला नाही हा? दिसतं ते मागच्या घरातलं मेलं कुत्रं. रविवारी उजाडलं की भुंकतंय."

"तपकिरी? एक कान पडलेला?"

"तुला कसं माहीत?"

"माझंच आहे ते! म्हणजे पालिकेत तक्रार करणारा तो खडूस माणूस तू?"

डेझमंड लालबुंद झाला. मित्रांनो, माझी स्प्रिंगसुद्धा थरथरली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पायरी सोडून मला कुठे जाता येतं? पुढच्या सामन्याला नॉर्माने डेझमंडला सांगितलं, ते मी ऐकलं.

"तिसऱ्या दाराला सापडला. बायको गेली रे त्याची. एविस नाव होतं. तो खिडकीशी बसून होता. रेडिओ बंद. मी चहा केला. मुद्दाम पाणचट केला, गार करून दिला, म्हटलं कुरकुरेल तरी. त्याने निमूट प्यायला आणि म्हणाला, छान झालाय."

"छान?" डेझमंडच्या हातातलं पॅटिस तसंच राहिलं. "क्लिफर्ड म्हणाला छान?"

"हो ना. मी घाबरलेच. म्हटलं, पुढच्या शनिवारी चल. तर म्हणतो, कशाला? इथून घरी गेला की तो सगळा सामना तिला सांगायचा. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण ऐकायची. म्हणाला, आता घरी जाऊन कुणाला सांगू?"

डेझमंडने पॅटिस पुन्हा कागदात गुंडाळून ठेवलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून आणलं. तो माझ्यावर बसला. वजन कमी झालं होतं, ते मला लगेच कळलं. बसला आणि समोर बघत राहिला. पंचाने ढळढळीत चूक केली. सगळी रांग ओरडता ओरडता थांबली, त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवल्यासारखी. तो बोलला नाही. गोलरक्षकाने आपल्याच गोलासमोर चेंडू खेळवला. तो बोलला नाही. नॉर्मा सामना बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, हा आज उठेल, मी मिटेन आणि तो पुन्हा कधीच येणार नाही.

सामना संपत आला होता. आमच्या एका पोराने तिघांना चकवलं आणि वरच्या कोपऱ्यात चेंडू मारला. गोल! सगळे उठले, रांगेतल्या सगळ्या खुर्च्या खाडखाड मिटल्या. मी तेवढी उघडी होते. त्या कल्लोळात क्लिफर्ड बसून होता. मग माझ्यावरचं वजन पुढे सरकलं.

"आधीच मारायचा होता की," तो पुटपुटला. मग खडा आवाज लागला, "तिघांना नाचवत काय बसलाय? लग्नाची वरात आहे का ही?"

"बोलला!" नॉर्मा किंचाळली. "डेझमंड, बोलला रे!" पुढच्या दोन रांगा वळून बघू लागल्या. गोल मारणाऱ्या पोराला त्या दिवशी आमच्या रांगेकडून अर्धीच टाळी मिळाली.

"काय तमाशा लावलाय?" क्लिफर्ड ओरडला. "समोर बघा! तुमच्या डोक्यांमुळे मला काही दिसत नाहीये!"

शिट्टी वाजली. कोणी "चल, भेटू" म्हटलं नाही. "आधी माझ्याकडे चल," नॉर्मा म्हणाली. "जेवताना सगळा सामना पहिल्यापासून सांग मला."

"तू तर इथेच होतीस."

"मी कुठे पाहिला?"

मित्रांनो, येत्या उन्हाळ्यात आमच्या जागी नव्या खुर्च्या येणार आहेत. क्लिफर्डला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हिला काय धाड भरलीय? चांगली आहे की!" उभ्या आयुष्यात त्याने माझी केलेली ही एकमेव स्तुती. मला पुसा, रंगवा, जपा, असं मी म्हणत नाही. माझं काम झालं. पण तुमच्या शेजारी रोज कोणी बसत असेल, शाळेत, बसमध्ये, मैदानावर, तर त्याचं पूर्ण नाव विचारा. तो कुठे राहतो, घरी कोण कोण आहे, हेही विचारा. आणि सतत कुरकुरणारा माणूस एके दिवशी गप्प झाला, तर सुटलो म्हणून हसू नका. उठा आणि त्याचं दार शोधा.