पाणीपट्टीची बोंब

मित्रांनो, मी एक जुनी पाणीपट्टी आहे. थांबा, खिसे चाचपू नका! कर वसूल करणारी पाणीपट्टी वेगळी. मी बोअरमधलं पाणी किती खोल आहे ते मोजणारी, चाकावर गुंडाळलेली लांबलचक पट्टी. माझ्या टोकाला स्टीलची चोच आहे. ती पाण्याला टेकली की मी 'टीं' करून अशी बोंब ठोकते, की झाडावरचे कावळे उडून जातात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनिसाने मला बादलीत बुडवलं आणि लगेच स्वतःच्या कानांत बोटं घातली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी समुद्राकाठच्या माती-पाण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधन केंद्रात कामाला लागले. तिथे एक सर होते आणि त्यांच्या हाताखाली एक मॅडम. सरांचं ज्ञान अफाट, आणि मोबाइलवरचं बोलणं त्याहून अफाट. मॅडम मात्र काम संपलं की मला फडक्याने पुसून ठेवत. इतके लाड माझे नंतर कुणी केले नाहीत.

एका वादळात समुद्र किनाऱ्यावरच्या वस्तीत घुसला आणि तिथल्या बोअर एकेक करून खाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा ठरलं, की कोरड्या पडलेल्या बोअर सिमेंटने बुजवायच्या, म्हणजे पुन्हा समुद्र आला तर त्यांतून खारं पाणी जमिनीत उतरणार नाही. कोरडी कोणती, ते मी सांगायचं. केवढा तो मान! मी फुगून चाकावर मावेनाशी झाले.

तपासणीच्या दिवशी पहिल्याच बोअरच्या खारट, ओल्या भिंतीला नुसतं अंग घासलं तरी मी 'टीं' करत होते. सरांचा फोन रंगात आला होता.

"अहो, त्या बयेचं तोंड बंद करा कुणीतरी!" म्हणत त्यांनी स्वतःच माझ्या पोटावरची खुंटी पिळली. मी गप्प झाले. सर खूश झाले.

पुढची बोअर कपडे धुऊन देणाऱ्या मावशींची. साबणाला फेस येईल असं गोडं पाणी अख्ख्या वस्तीत आता तिथेच उरलं होतं, आणि त्यावर मावशींचं पोट होतं. केंद्राच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांनी फाटकातून हाक मारली, "मावशी, पाणीपट्टी आणलीय!"

"अगं बाई, भरली की मी!" मावशींनी धाडकन दार लावलं.

मॅडमनी कशीबशी समजूत काढली आणि मला बोअरमध्ये सोडलं. खाली, आणखी खाली. चोच पाण्याला टेकली, पण आवाजच फुटेना! पार तळाला गेले तरी ढिम्म.

"कोरडी आहे. बुजवा," सर म्हणाले.

"कोरडी? मग दोरीवरचे हे कपडे काय मी हवेत धुतले?" मावशींचा आवाज चढला. नेमकी वीज गेलेली, नाहीतर त्यांनी मोटार सुरू करून दाखवली असती.

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी," सर म्हणाले.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळ्यापर्यंत पाण्यात बुडून मी मुकी, आणि वर सगळे एका बाईचं पोट बुजवायला निघालेले!

मॅडम मला वर गुंडाळू लागल्या. माझ्या अंगावरचं पाणी निथळून थेट सरांच्या बुटात पडलं.

"सर, कोरड्या बोअरमधून ही न्हाऊन कशी आली?" मॅडमनी विचारलं. मग त्यांची नजर खुंटीवर गेली. "ही तुम्ही पिळलीत?"

"हो. आवाजाची ना ती?"

"आवाजाची नाही हो, सर! पाणी ओळखायची आहे. खारं पाणी कमीवरही कळतं, गोड्याला वाढवावी लागते."

म्हणजे सरांनी माझं तोंड दाबायला जाऊन माझे कान बंद केले होते! मॅडमनी खुंटी फिरवून मला पुन्हा सोडलं. चोच टेकली आणि मी आयुष्यातली सगळ्यात मोठी बोंब ठोकली. मावशी हसता हसता रडू लागल्या. सर फोनवर म्हणाले, "ठेवतो. पाणी लागलंय."

आता मी कपाटात पडून असते. माझ्या खुंटीला गंज चढलाय. केंद्रात नवं यंत्र आलंय. ते मुकाट्याने पडद्यावर आकडे दाखवतं, म्हणून सरांचं फार लाडकं आहे. मावशींच्या बोअरवर मात्र अजून रोज फेस निघतो, असं ऐकते.

मित्रांनो, जमलं तर माझ्या खुंटीला तेलाचा थेंब सोडा. आणि घरात, वर्गात कुणी बोंब मारत असलं, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा विचारा, "काय लागलं रे?" कुणास ठाऊक, गोडं पाणी लागलं असेल!