डोळ्यांवर चढवलेली क्रेन

मित्रांनो, मी एक जुना व्हीआर हेडसेट आहे. माझा पट्टा सैल झाला आहे, नाकाजवळचा स्पंज घामाने काळवंडला आहे आणि बॅटरी चहा उकळेपर्यंतसुद्धा तग धरत नाही. हल्ली फार बोलायचे जिवावर येते. तरी कायमचे बंद पडण्याआधी एवढे सांगून टाकतो.

कारखान्यात माझ्या पोटात दोन छोटे पडदे बसवले गेले, एकेका डोळ्यासाठी एकेक. दोन्हींवर किंचित वेगळे चित्र उमटले की माणसाला ती जागा खरोखर समोर असल्यासारखी दिसते. मात्र मान वळली की चित्रानेही तत्क्षणी वळायला हवे. जरा उशीर झाला की माणसाचे डोके गरगरते. आयुष्यभर मी हीच हमाली केली.

मला विकत घेतले एका प्रोग्रामर मुलीने. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वेबपानावर ती अशा जागा बांधायची. पानावरचे बटण दाबले की ती जागा माझ्या पडद्यांवर उतरायची. सुरुवातीला कोडची एक ओळ बदलली तरी ती मला चढवून बघायची. तिचे केस विस्कटायचे, मान अवघडायची. मग तिला ब्राउझरमध्येच माझी नक्कल करणारी खिडकी सापडली. माउसने मान फिरवायची की झाले काम! मी कपाटावर धूळ खात पडलो.

तिच्या वडिलांनी उभी हयात बंदरावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये काढली होती. गुडघे गेल्यापासून त्यांना जिना उतरणेही अवघड झाले होते. लेकीने त्यांच्यासाठी ती केबिन बांधायला घेतली. काचा, क्रेन चालवायचे दांडे, खाली शेकडो कंटेनर, पाण्यावर चमचमणारे ऊन. नकलेच्या खिडकीत सगळे सुरेख दिसले. मग मला खाली काढून, पुसून तिने वडिलांच्या डोळ्यांवर चढवले.

मित्रांनो, ते बंदर माझ्या म्हाताऱ्या जिवाला झेपेना. त्यांनी मान वळवली की कंटेनर मागाहून धापा टाकत यायचे. त्यांचा घाम माझ्या स्पंजात उतरला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"कसं वाटतंय, बाबा?"

"झकास. अगदी तीच केबिन."

ती हुरळली. तिने ढग घातले, पक्षी घातले, माझे ओझे वाढतच गेले. रोज संध्याकाळी मला त्यांच्या डोळ्यांवर चढवायची आणि ते रोज झकास म्हणायचे. मला सगळे कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

एकदा ते म्हणाले, "आज राहू दे गं, जरा डोकं दुखतंय." तिचा चेहरा पडला. ते बघून त्यांनीच हात पुढे केला, "बरं, आण इकडे." त्या दिवशी मला काढून ते उठले आणि त्यांचा तोल गेला. तिने कसेबसे सावरून त्यांना पलंगावर बसवले. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिने मला स्वतःच्या डोळ्यांवर चढवले, एकदाच मान वळवली आणि मटकन खाली बसली.

"बाबा, रोज हे सोसत होतात? बोलला का नाहीत?"

"तू एवढी राबत होतीस. आणि वारा सुटला की खरी केबिनही हलायचीच की."

तिला रडू आवरेना. पण दुसऱ्या दिवसापासून तिने एकेक गोष्ट पुसायला घेतली आणि दर वेळी मला चढवून बघितले. पक्षी गेले, ढग गेले, कंटेनर गेले. शेवटी केबिन, हुक आणि निळे पाणी एवढेच उरले. मला हलके वाटले.

वडिलांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, वाकून खाली पाहिले.

"कंटेनर कुठे गेले गं?"

"काढले, बाबा."

"बरं झालं. सुट्टीच्या दिवशी असंच रिकामं असायचं."

या वेळी माझा स्पंज कोरडा राहिला. खुर्चीचा हात सोडून त्यांनी समोर नसलेला दांडा धरला.

आता नवे ब्राउझर मला ओळखतही नाहीत. मित्रांनो, माझ्यासारख्याला ठेवून देताना भिंगांवर फडके तरी टाका, उन्हाने आतले पडदे जळतात. आणि तुम्ही कोणासाठी काही केलेत आणि ते माणूस झकास म्हणाले, तर एकदा त्याच्या हातांकडे बघा.